बंडोपंतांची शेरवानी कुणाला बसली

मित्रांनो, कळमनुरीत कचेरीच्या मागच्या आळीला बंडोपंतांचे घर आहे. त्या घराच्या ओसरीवर लाकडी बाक आहे. बाकाची फळी बसणाऱ्याला टोचू नये म्हणून तिच्यावर एक काळी घडी घातलेली आहे. ती घडी म्हणजे मी. आज मला पाहून कुणी ओळखणार नाही, कारण माझी बटणे काढून घेतली आहेत आणि गळ्याचा ताठ पट्टाही उसवून नेला आहे. पण मी शेरवानी आहे. मॅट्रिक झालेल्या मुलाने पुढे कोणत्या कॉलेजात जायचे, हे या भागात काही वर्षे माझ्यावरून ठरत होते.

माझा जन्म हिंगोलीच्या एका शिंप्याकडे झाला. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता आणि हैदराबादला साहेबासमोर उभे राहायचे तर शेरवानी लागायची. बंडोपंत कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे कारकून, होते, तेव्हा नुकतेच पेन्शनीत निघाले होते. त्यांनी मला आपल्या पुतण्यासाठी, नानासाठी, शिवून घेतले. शिंपी सावकाश काम करणारा होता. त्याने नानाला दोनदा उभे करून माप घेतले, गळ्यात खळीचे कापड घातले आणि बटणांची काजे हाताने भरली. नानाच्या अंगावर मी अशी बसले की शिंपी स्वतःच मागे सरून बघत राहिला.

नाना मला घालून हैदराबादला कॉलेजच्या मुलाखतीला गेला. त्या वर्षी वकिलीच्या वर्गात जागा जास्त आणि मुले कमी होती, त्यामुळे आलेले सगळेच आत घेतले गेले. ही गोष्ट कळमनुरीपर्यंत पोहोचली नाही. पोहोचले ते एवढेच की साहेबाने नानाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले आणि तोंडातून एकच शब्द काढला, "बैठो."

नाना पुढे वकील झाला. मी परत आले आणि ओसरीतल्या खुंटीवर लागले. पुढच्या उन्हाळ्यात मॅट्रिक झालेला एक मुलगा बापाला घेऊन पंतांकडे आला. कॉलेजच्या अर्जाखाली कुणातरी प्रतिष्ठित गृहस्थाची सही लागे आणि त्या भागात हैदराबादेत ओळखली जाणारी सही पंतांची होती. मुलाने कोणत्या कॉलेजात जावे, असे बापाने विचारले. पंतांना उत्तर सुचेना. ते उठले, मला खुंटीवरून काढले आणि मुलाच्या अंगावर चढवले.

तिथून रीत पडली. मी नीट बसले तर हैदराबादचे मोठे कॉलेज, म्हणजे वकिली किंवा इंजिनेरी. बाह्या आखूड पडल्या तर मास्तरकी, कारण ज्याचा हात बाहीबाहेर येतो त्याचा हात फळ्यापर्यंत पोहोचतो. खांद्यात अडकले तर शेतकी. ढगळ झाले तर पुढच्या वर्षी या. पंतांनी हे इतक्या ठामपणे सांगितले की लोकांना ते कुठल्याशा पोथीतले वाटले. निकाल लागला की बाजारात लोक मार्क विचारत नसत. "बसली का?" एवढेच विचारत.

मित्रांनो, मला तेव्हा फार मान होता. पंतांची विधवा बहीण गंगूताई मला कडुनिंबाचा पाला घालून ठेवी. लोक मला हात लावण्याआधी तो धोतराला पुसून घेत. शिरड शहापूरचा एक मुलगा होता. तो माणसाच्या नुसत्या डोळ्यांकडे पाहून कावीळ ओळखायचा. त्याला डॉक्टरीला जायचे होते. माझ्या बाह्या त्याला आखूड पडल्या. तो आता कुठल्याशा गावी मास्तर आहे आणि मुलांना फार मारतो, असे ऐकते.

भावसिंग आला तो सेहेचाळीसचा जून होता. नदीपलीकडच्या तांड्यावरच्या नेमसिंगचा तो थोरला मुलगा. त्या तांड्यावरून मॅट्रिक झालेला पहिलाच. नेमसिंग पायरीखाली उभा राहिला, मुलगा वर आला. ओसरीवर नेहमीची माणसे होती. त्यात दगडोबा होता. त्याला काही काम नव्हते, आणि पंतांच्या ओसरीवर हसणे हेच त्याचे काम झाले होते.

"काय शिकायचं म्हणतंय पोरगं?" पंतांनी नेमसिंगला विचारले. मुलगा समोर होता, पण पंत मुलांना विचारत नसत.

"त्यालाच इचारा, पंत. मला त्यातलं काय कळतंय."

"इंजिनेरी," भावसिंग म्हणाला. "पूल बांधायचे हायत."

"कुठं?"

"पहिला कयाधूवर. पावसाळ्यात आमचा तांडा तुटतो. शाळा बुडते."

"म्हंजी तुझी शाळा बुडू नये म्हून सरकारनं पूल बांधावा, अन् पूल बांधाया तुलाच इंजिनेर करावं," दगडोबा म्हणाला. "लई सोय पाहून राहिला रे."

ओसरी हसली. भावसिंगने हसणाऱ्यांकडे पाहिले नाही. त्याच्या सदऱ्याच्या खिशात चौघडी कागद होता. त्यावर त्याने पुलाच्या कमानी काढल्या होत्या. त्याने तो अर्धा बाहेर काढला आणि कुणी मागत नाही असे पाहून परत ठेवला.

पंतांनी मला उतरवले. "घाल."

भावसिंगचे खांदे रुंद होते. लहानपणापासून मोटेवर आणि गाडीवर काम केलेले ते खांदे होते. त्याने श्वास सोडला, छाती आत घेतली. खालची बटणे लागली, वरची लागेनात. माझ्या पाठीची शिलाई ताणली गेली. तिचा बारीक आवाज त्याला ऐकू आला असावा, कारण तो जागच्या जागी थांबला. कपडा फाटेल म्हणून श्वास रोखून उभा राहिलेला मुलगा मी त्याआधी पाहिला नव्हता.

"शेतकी," पंत म्हणाले.

"पंत, गणितात मी समद्यात वर..."

"गणितानं खांदे कमी होत नाहीत."

"ह्याला शेरवानी कशाला?" दगडोबा म्हणाला. "जू घाला मानेवर, बराबर बसंल."

भावसिंगने मला काळजीने काढले, घडी घातली आणि दोन्ही हातांनी पंतांपुढे धरले. मग त्याने विचारले, "काय केलं तर बसंल?"

तो खरोखरच विचारत होता. पंतांनी दगडोबाकडे पाहिले, दगडोबाने मिशीत हसून मान खाली घातली. "खाणं कमी कर," पंत म्हणाले. "अर्ज जायला पंधरवडा आहे अजून. तोवर बसली तर इंजिनेरी लिहून सही करतो. माझा शब्द."

सगळे हसले. नेमसिंगही हसला, कारण पंत आपल्याशी थट्टा करतात याचे त्याला बरे वाटले. भावसिंग हसला नाही. त्याने मान हलवली आणि पायऱ्या उतरला.

दर मुलानंतर गंगूताई मला तासभर उन्हात टाकत. भावसिंगनंतर त्यांनी मला गोमूत्र शिंपडून दिवसभर टाकले.

चार-सहा दिवसांनी जवळच्याच गोरेगावचे तातेराव आपल्या मुलाला घेऊन आले. तातेराव मोठे जमीनदार. ते पायरीखाली थांबले नाहीत, सरळ बाकावर बसले. मुलगा संतराम काठीसारखा बारीक होता. त्याच्या अंगावर मी बुजगावण्यावर घातल्यासारखी लोंबू लागले. रीतीप्रमाणे पंतांनी 'पुढच्या वर्षी' म्हणायला हवे होते. त्यांनी संतरामच्या पाठीमागे जाऊन मूठभर कापड मुठीत आवळले आणि म्हणाले, "समोरून पाहा बरं, कशी बसली."

"समोरून तर झकास हाय," दगडोबा म्हणाला. "मागून कोन पाहतं?"

"मागूनबी बसवून घ्या," तातेराव म्हणाले. "शिंपी काय मेले काय सगळे?"

मला हिंगोलीला पाठवले. शिंपी तोच होता. त्याने पाठीत आणि दोन्ही कुशींत मला आत घेतले. कापड त्याने कापले नाही. आत दुमडून टीप घातली. पुन्हा कधी सोडावे लागले तर सोडता येईल, असे तो म्हणाला. ते ऐकायला पंतांकडचे कुणी तिथे नव्हते.

संतरामला मी बसले. पंतांनी त्याच्या अर्जावर इंजिनेरी लिहिली. तातेरावांनी मुलाची पाठ थोपटली. संतरामला काय वाटते ते कुणी विचारले नाही. त्याला गाई-बैलांची लक्षणे ओळखता येत, अपूर्णांक येत नसत. त्याने एकदा बापाकडे पाहिले आणि मग पायाच्या अंगठ्याकडे.

त्याच दिवशी दुपारी दगडोबा बातमी घेऊन आला. हसू आवरत नसल्याने त्याला नीट बोलता येत नव्हते.

"पंत, तुमचा इंजिनेर खरंच खाईना झालाय."

"कोण?"

"तांड्यावरचं पोरगं. सकाळी चतकोर भाकर अन् वरून पानी. मग नदीच्या वाळूत पळून राहिलंय, घाम काढाया. माय मागं मागं ताट घेऊन हिंडती."

पंत इतके हसले की त्यांना ठसका लागला. गंगूताईंनी आतून पाणी आणून दिले.

"सांगावा धाडू का?" दगडोबाने विचारले. "शेरवानी आत घेतली म्हून?"

"कशाला? येऊ दे की. पाहू तरी किती उतरतो."

मित्रांनो, मी खुंटीवर होते. मी हे जसे ऐकले तसे सांगते. रागाने कुणी काही केले नाही. त्या पोराशी पंतांचे वैर नव्हते. त्या उन्हाळ्यात गावात करमणूक कमी होती, एवढेच.

पंधरवड्याच्या शेवटी भावसिंग आला. या वेळी त्याच्याबरोबर आई रूपाबाईही होती. ओसरी भरलेली होती. दगडोबाने माणसे सांगून बोलावली होती. भावसिंग पायऱ्या चढताना खांबाला धरून चढला. त्याच्या गालांची हाडे वर आली होती, ओठ फुटले होते आणि सदरा दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा दिसत होता. डोळे मात्र मागच्या वेळेसारखेच होते.

"बसते आता," तो म्हणाला. "मी सुतळीनं मापून आलोय."

खरोखरच त्याने मोजले होते. मागच्या वेळी मी किती कमी पडले, ते त्याने लक्षात ठेवले होते आणि तेवढे अंग त्याने उतरवले होते. शिंप्याने मला जसे पहिल्यांदा शिवले तशी मी त्या दिवशी असते, तर त्याला बसले असते.

त्याने बाह्या घातल्या. खालची बटणे लागली. पोटावरची लागली. छातीवर बटण आणि काज यांच्यामध्ये बोटभर अंतर उरले. त्याने श्वास सोडला. ते तसेच उरले. त्याने परत परत ओढले. माझ्या आतली टीप त्याच्या फासळ्यांत रुतत होती. तिथे आता मांस नव्हते, त्यामुळे ती हाडालाच लागत होती.

ओसरीवर एकजण खुदकन हसला, मग दुसरा.

गंगूताई दारात आल्या होत्या. त्यांना या खेळातले काही ठाऊक नव्हते. "अरे, ती तर परवाच संतरामच्या अंगावर आत घेतली ना?" त्या म्हणाल्या. "ह्याला आता कशी बसेल?"

आता कुणीतरी ओशाळेल, असे मला वाटले. कुणी ओशाळले नाही. दगडोबा गंगूताईंकडे चिडून बघत होता, कारण त्यांनी मजा लवकर संपवली होती.

भावसिंगने हात खाली सोडले. त्याने माझी कड उलटून आतली टीप बोटाने चाचपली. मग म्हणाला, "टीप आतून घातलेली हाय. कापड शाबूत हाय. सोडली तर जुनं माप निघंल."

"आणि संतरामनं काय घालायचं? आठवड्यात त्याची मुलाखत आहे हैदराबादला."

"पाहून झालं की पुन्हा घाला टीप."

"शिलाईचं एवढं ग्यान हाय," दगडोबा म्हणाला, "तर नेमसिंग, शिंप्याकडं बसव की ह्याला. तेबी एक कॉलेजच हाय."

या वेळी ओसरी मनमोकळी हसली. रूपाबाई पायरीखालून पुढे आली. तिच्या हातातले चुडे खांबावर वाजले.

"पंत, लेकरानं अन्न सोडलं. तुमी शब्द दिलता."

"दिला होता," पंत म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. कचेरीत पक्षकाराला निकाल समजावून सांगावा तसे ते बोलत होते. "काय दिला होता? बसली तर, असा दिला होता. आता नेमसिंग, तूच सांग. बसली का?"

नेमसिंग मुलाकडे पाहू लागला.

"माझ्याकडं पाहा. तुझ्या डोळ्यासमोर घातली. बसली का?"

"पंत, ती आत..."

"बसली का?"

"न्हाई, पंत," नेमसिंग म्हणाला.

पंतांनी अर्जावर शेतकी लिहिले आणि सही केली. भावसिंगने एकेक बटण काढले. मला घडी घालताना त्याचा तोल गेला आणि तो पायरीवर बसला. गंगूताईंनी तांब्या आणला आणि वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतले. बरेचसे मनगटावरून खाली गेले. तो उठून निघाला तेव्हा खिशातला कागद पायरीवर पडला. दगडोबाने तो उलगडून पाहिला, त्याला काही कळले नाही, आणि त्याने त्यात तंबाखू बांधली.

भावसिंग शेतकीच्या शाळेत गेला खरा, पण टिकला नाही. त्याच्या पोटात अन्न ठरेना. दिवाळीच्या सुमारास त्याला बैलगाडीत घालून घरी आणले. तो वाचला. आता औत हाकतो, आणि शिकण्याची गोष्ट निघाली की उठून जातो. संतरामही पहिल्याच परीक्षेत नापास होऊन परत आला. इंजिनेरीतली त्याची ती जागा वर्षभर कुणाच्याच कामी आली नाही. दोन मुलांना एका कपड्याने उलट्या वाटांना लावले, आणि दोन्ही वाटा पुन्हा गावातच आल्या. पंतांनी यावरून काय अनुमान काढले? पोरांत दम राहिला नाही, हे.

मग अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर आला. फौजा आल्या, निजामी गेली. त्याच आठवड्यात पंतांनी मला खुंटीवरून काढले. काल जी घरात आहे म्हणून मिरवत, तीच आता घरात दिसू नये असे त्यांना वाटू लागले. गंगूताईंनी चांगली बटणे काढून डबीत ठेवली, गळ्याचा पट्टा कशाला तरी उपयोगी पडेल म्हणून उसवला आणि उरलेल्या माझी घडी करून बाकावर टाकली. जिची काजे शिंप्याने हाताने भरली, तिच्यावर आता दगडोबा बसतो.

खुंटीवर पंतांनी पांढरी टोपी लावली. रीत तशीच राहिली, फक्त खुंटीवरची वस्तू बदलली. टोपी नीट बसली तर मोठे कॉलेज. घट्ट झाली तर शेतकी. सैल झाली तर पुढच्या वर्षी. नवीन सरकारातही पंतांची सही चालेल, अशी लोकांची समजूत होती. पंतांची तर होतीच.

मागच्याच महिन्यात, थंडीत, नेमसिंग परत आला. पायरीखाली त्याच्याजवळ धाकटा मुलगा बाबूसिंग उभा होता. पंतांनी नेमसिंगला ओळखायला वेळ लावला.

"काय रे, थोरला कसा आहे?"

"हाय. औत हाकून राहिला." नेमसिंगने धाकट्याला पुढे ढकलले. "हे येत्या सालाला मॅट्रिकला बसतंय."

"मग आत्ताच काहून आणलंस? निकाल लागल्यावर ये."

"न्हाई पंत. थोरल्याच्या टायमाला तीच चुकी झाली." नेमसिंग समजूतदारपणे बोलत होता. पुष्कळ विचार करून एक गोष्ट उमगलेल्या माणसासारखा. "पंधरवड्यात अंग उतरत न्हाई. कापड आत घेतलं तरी पुरलं पायजे, एवढं आधीपासून उतरवाया पायजे. म्हून ह्याला पोळ्यापासूनच अर्ध्या भाकरीवर ठिवलंय. माय चोरून देत होती, तिलाबी दम दिला. पाहा तुमी, कसा सुकलाय. आता घाला शेरवानी."

बाबूसिंगच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. त्याने सदरा स्वतःच थोडा वर उचलला. बापाने सांगून ठेवले असावे. फासळ्या दिसाव्यात म्हणून.

ओसरीवर या वेळी कुणी हसले नाही. दगडोबाही नाही. मग पंत म्हणाले, "अरे, शेरवानी गेली आता. आता टोपी."

त्यांनी खुंटीवरची टोपी काढून बाबूसिंगच्या डोक्यावर ठेवली. ती घसरून भुवयांपर्यंत आली. पंतांनी ती मागून ओढून पाहिली, सोडली, पुन्हा घसरली.

"सैल," पंत म्हणाले. "डोकं बारीक आहे."

नेमसिंग विचारात पडला. तो टोपीकडे पाहत होता, मग मुलाच्या डोक्याकडे, मग पुन्हा टोपीकडे. त्याच्या तोंडावर राग नव्हता. त्याला फक्त वेळ हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

"पंत," त्याने विचारले, "डोकं भरायला काय खाऊ घालावं लागतं?"

मित्रांनो, माझ्या अंगात आता ऊब नाही आणि मला पुन्हा कुणी घालणारही नाही. तुम्ही उद्या मॅट्रिक व्हाल. तुमच्या गावातही एखादी खुंटी असेल आणि तिच्यावर काहीतरी टांगलेले असेल. ते अंगावर चढवण्याआधी तुम्हाला काय शिकायचे आहे ते कुणीतरी तुम्हाला विचारावे. कुणी विचारले नाही, तर तुम्ही न विचारता सांगावे, आणि मोठ्यांनी ते हसण्याआधी ऐकावे. भावसिंगने सांगितले होते. बाबूसिंगला तर कुणी विचारलेच नाही, पंतांनी नाही, दगडोबाने नाही, बापानेही नाही. तो टोपी डोळ्यांवर आलेली तशीच ठेवून उभा होता. त्याला काय शिकायचे आहे, ते मला माहीत नाही.